शरिफाफुफूच्या पदराखाली

माझ्या वडिलांची मांडी मोडली ते साल त्रेचाळीस. पुणतांब्याच्या उतारावर बैलगाडी उलटली आणि महमूद गाडीवान चार महिने बाजेला खिळले. मी तेव्हा दोन महिन्यांची. आई, मेहताब, कालव्याखालच्या उसात खुरपायला जाऊ लागली. तान्हं पोर बरोबर आणायला मुकादमाची मनाई होती. दिवसभर वडीलच पडल्या पडल्या मला बोंडल्यानं शेळीचं दूध पाजत. दूध पुरावं म्हणून त्यात पाणी घातलेलं. मला ढाळ लागले.

एका सकाळी आई खुरपं घेऊन उंबऱ्यात उभी होती, पण पाय निघत नव्हता. तेवढ्यात गल्लीच्या टोकाला राहणारी वडिलांची थोरली बहीण, शरिफाफुफू, आली. कडेवर तिचा सहा महिन्यांचा अल्लाबक्ष.

"पोरीचं पार चिपाड झालंय, मेहताब. आन हिकडं."

अल्लाबक्षला बाजेवर ठेवून फुफूनं मला पदराखाली घेतलं, तशी वडिलांची आई, सरवरीदादी, चुलीपासून ओरडली, "थांब शरिफा! येडी झालीस व्हय? तुझं दूध प्याली की ती अल्लाबक्षची बहीन. मग निकाह कसा लावशील?"

मी जन्मले त्याच दिवशी फुफूनं मला सून म्हणून मागितलं होतं आणि वडिलांनी शब्द दिला होता. आमच्यात एका बाईचं दूध प्यालेल्या मुलांचं लग्न होत नाही.

आईनं मला घ्यायला हात पुढे केले. "नका, आपा. हिला सून करायचं तुमी लई मनात धरलंय. मी आज जात न्हाई कामाला."

"आज न्हाई. अन् उद्या?"

फुफू भावाकडे वळली. "महमूद, शब्द तुजा हाय. बोल."

"मी काय बोलू? भूक लागली की ही माझ्याच छातीला तोंड लावती. मीच आई झालोय हिची." दादीलासुद्धा हसू आलं. मग वडील हळू म्हणाले, "शब्द तुला दिलाय, आपा. सोडायचा तर तूच सोड."

"सोडला. सून काय, कुठंबी मिळंल."

आणि तिनं मला पाजलं.

दादी दोन दिवस रुसली. तिसऱ्या दिवशी मेथीची भाजी नि बाजरीची भाकरी घेऊन तीच फुफूच्या दारात गेली. "दोन जिवांना पाजतीस, खायला नको? का वाऱ्यावर दूध येतंय?"

वडील चालायला लागेपर्यंत असंच चाललं. दिवसा फुफू, सांजेला आई. माझ्या गालांवर मांस आलं.

पुढे अल्लाबक्षला पारनेरची बायको मिळाली. लग्नात मी बहिणीच्या हक्कानं दार अडवलं आणि त्याच्याकडून हिरवी साडी उकळली. फुफू हसून हसून खाली बसली.

तिला पोटची लेक नव्हती. शेवटची अंघोळ घालायची वेळ आली तेव्हा बायकांनी विचारलं, "लेक कोन हाय?" मी पाण्याचा तांब्या उचलला.

शरिफाफुफू एकाहत्तर साली, शाबान महिन्यात वारली.