झेरॉक्सताईंचा प्रवेश अर्ज

मी एक जुने झेरॉक्स मशीन आहे. मित्रांनो, कोर्टाच्या गल्लीत, शिक्के बनवणाऱ्याच्या दुकानाला लागून एक चिंचोळी टपरी आहे. तिथली निम्मी जागा माझी आणि उरलेली ताईंची. माझा कागदाचा ट्रे दोरीने बांधला आहे, बटणांवरचे आकडे पुसले गेले आहेत, पण अक्षर अजून काळेभोर उमटते. त्याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

पहिली काही वर्षे मी एका विमा कंपनीच्या थंडगार ऑफिसात काढली. तिथे मला मऊ फडक्याने पुसत. "काय सुरेख कॉपी येते!" असे मोठे साहेब म्हणायचे. मग नवे मशीन आले आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. दीड वर्ष लोकांनी माझ्यावर ओल्या छत्र्या आणि जेवणाचे डबे ठेवले. ते आठवले की आजही माझा पारा चढतो. ताईंनी मला तिथून सोडवून आणले.

ताई पदवीधर. लग्नानंतर त्यांनी सासऱ्यांची जुनी टायपिंगची टपरी चालवायला घेतली आणि तिथे मला बसवले. सगळी गल्ली त्यांना झेरॉक्सताई म्हणते. त्यांना एक खोड आहे. काचेवर ठेवलेला प्रत्येक कागद त्या वाचतात. मी नुसता उजेड पाडतो. "काका, पान सातवर सही राहिलीय." "आजी, मागची बाजूही काढायची ना?" असे विचारून त्यांनी कितीतरी लोकांचे हेलपाटे वाचवले.

एकदा एक शिवणकाम करणारी बाई घर रिकामे करण्याची नोटीस घेऊन आली. महिनाभर वेळ आहे, अशा समजुतीत ती होती. ताईंनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवून दाखवले, उत्तर द्यायला चारच दिवस उरले होते. मागे उभ्या असलेल्या वकीलसाहेबांना ते रुचले नाही.

"ताई, तुम्ही कॉप्या काढा. सल्ले द्यायला आम्ही बसलोय."

रांगेतले लोक हसले. ताईंनी माझे झाकण असे आपटले की ते एका कोपऱ्यात तडकले. मला फार वाईट वाटले. झाकणाचे नव्हे, ताईंचे.

त्याच आठवड्यात कोणाचा तरी लॉ कॉलेजचा प्रवेश अर्ज कॉपीसाठी टपरीत आला. वयाची अट नाही, ही ओळ ताईंनी दोनदा मोठ्याने वाचली. डबा घेऊन आलेल्या सासऱ्यांनी चष्मा वर केला.

"सूनबाई, चाळिशी उलटली तुझी. झेपेल?"

"न झेपायला काय झालं, बाबा? रोज दोनशे पानं वाचतेच की. तीही लोकांच्या भांडणांची!"

"मग भर अर्ज. कोर्टाच्या दारात किती वर्षं उभी राहणार? आत जा."

कायदा का शिकायचा आहे, हे अर्जासोबत एका पानात लिहून द्यायचे होते. फुकट गेलेल्या कॉप्यांच्या कोऱ्या बाजूंवर ताईंनी ते सात वेळा लिहिले. आधीच्या सहांमध्ये मोठमोठे शब्द होते, ते त्यांनीच खोडले. सातव्याची सुरुवात अशी होती: 'चारच दिवस उरले आहेत, हे कागदावर लिहिलेले होते, पण जिचे घर जाणार होते तिला ते समजले नव्हते.' ते पान मी मनापासून छापले.

शेवटच्या दिवशी सकाळी ताई अर्ज देऊन आल्या. दुपारी कॉलेजातून फोन आला. गुणपत्रिकेची मागची बाजू जोडलेली नव्हती आणि शेवटच्या वर्षाचे गुण तिथेच होते. दोन्ही बाजूंची, सही-शिक्क्याची प्रत पाचच्या आत दिली नाही तर अर्ज बाद!

"मीच विसरले?" ताई मटकन स्टुलावर बसल्या. साऱ्या जगाला मागची बाजू विचारणारी ही बाई! लाज मलाही वाटली. सकाळी एकच बाजू काचेवर आली होती, हे मला ठाऊक होते. पण मला वाचा कुठली?

त्या उठल्या. "रडायचं ते संध्याकाळी."

पण सकाळपासून राबून मी तापलो होतो. पहिली बाजू निघाली आणि दुसरीला कागद माझ्या पोटात अडकला. "उद्या द्या की," रांगेतले कोणीतरी म्हणाले.

"उद्या म्हणजे पुढच्या वर्षी," ताई म्हणाल्या आणि पदर खोचून त्यांनी माझ्या तापलेल्या पोटात हात घातला. बोटाला चटका बसला, तरी हात मागे घेतला नाही. कागदाचा शेवटचा कपटा निघेपर्यंत त्या हटल्या नाहीत. मग मीही ठरवले, मोडलो तरी चालेल, हे पान स्वच्छ बाहेर पडलेच पाहिजे. आणि ते पडले.

अशा प्रतींवर सही-शिक्का करण्याचा अधिकार असलेले तेच वकीलसाहेब रांगेत उभे होते. ताईंनी मूळ कागद आणि प्रत त्यांच्यापुढे धरली. त्यांनी दोन्ही बाजू ताडून पाहिल्या.

"ताई, त्या दिवशी मी जरा जास्तच बोललो."

"ते मागाहून बघू, साहेब. आधी सही करा. सव्वाचार झालेत!"

साहेबांनी सही केली, शिक्का मारला आणि म्हणाले, "माझी गाडी बाहेर आहे. चला, बसा."

पाचला सात मिनिटे असताना प्रत खिडकीतून आत गेली, असे मागाहून मला कळले.

दीड महिन्याने प्रवेशाचे पत्र माझ्या काचेवर आले. ताईंनी ते घाईघाईत कसेही ठेवले आणि पहिली कॉपी तिरकी निघाली. सासऱ्यांनी तीच मागून घेतली आणि घडी न घालता घरी नेली. मला त्या दिवशी फार आनंद झाला.

मित्रांनो, माझे आता वय झाले आहे. माझ्यासारख्या मशीनचे झाकण हलक्या हाताने लावा आणि अडकलेला कागद हिसकू नका, एवढीच माझ्यापुरती विनंती. दुसरी विनंती ताईंसाठी आहे. सकाळी टपरीचे शटर बंद दिसले तर ते बडवू नका. त्यावर चिकटवलेला कागद वाचा, तो मीच छापला आहे. 'सकाळी कॉलेज. टपरी दुपारी दोनला उघडेल.' तेवढे थांबा. त्या वेळी ताई वर्गात पहिल्या बाकावर बसलेल्या असतात.