हळद्याच्या तीन प्रती

रेशमाच्या लडी आणायला जिजा उल्हासनगरच्या बाजारात गेली होती, तिथे तिला आपलाच खंड्या दिसला. दुकानाबाहेर दोरीवर ड्रेस मटेरियल टांगलं होतं. त्यातल्या एका पोपटी कुर्त्याच्या गळ्याशी निळा खंड्या चोच वर करून बसला होता. जिजाला आधी गंमत वाटली. मग तिने जवळ जाऊन पाहिलं, तर शेपटीच्या टोकाशी एक नारिंगी चौकोन होता.

खंड्याच्या शेपटीत नारिंगी रंग नसतो. कंप्युटरवर चित्र काढताना जिजाच्या हातून माउस हलला होता आणि एक चौकोन नारिंगी झाला होता. तो तिला आवडला, म्हणून तिने तसाच ठेवला होता. तीच चूक कुणा दुसऱ्याला सुचेल, हे तिला पटेना. लडी न घेताच ती घरी आली.

हे सत्त्याण्णव सालचं. जिजा तेव्हा एकतीस वर्षांची होती आणि अंबरनाथ पश्चिमेला एका चाळीत राहत होती. नवरा रघु फिटर होता. उल्हासनगरच्या कारखान्यांतून मशिनी दुरुस्त करत फिरायचा. दुपारची वेळ जिजाची स्वतःची असायची आणि त्या वेळेत तिने तीन छंद कोंबले होते. दुसुतीवरचं भरतकाम आईकडून आलेलं. चाळीच्या खाली भीमराव सरांचा कंप्युटर क्लास होता. जिजाने क्लासचे पडदे भरून दिले, तेव्हापासून दुपारी रिकाम्या असलेल्या एका कंप्युटरवर सर तिला तासभर बसू द्यायचे. चित्र मोठं केलं की पडद्यावर चौकोनच चौकोन दिसायचे, अगदी दुसुतीसारखे. फुलीच्या टाक्याने भरावं तसे ती एकेक चौकोन रंगवायची. प्रिंटर काळं-पांढरंच छापायचा, मग घरी येऊन ती स्केचपेनने रंग भरायची.

तिसरा छंद गोष्टीचा. एका साप्ताहिकात इंदुमती दिघे नावाच्या गुप्तहेर बाईंची मालिका यायची. रिटायर झालेल्या हेडमास्तरीण, हातात छत्री, कुणावर चटकन विश्वास न ठेवणाऱ्या. साप्ताहिक बंद पडलं आणि गोष्ट अर्ध्यात राहिली. तेव्हा जिजा आणि तिची बदलापूरच्या शाळेतली मैत्रीण गोदू यांनी ती पुढे लिहायला घेतली. एक प्रकरण जिजाचं, पुढचं गोदूचं. गोदू सोनिवलीत अंगणवाडी चालवायची. दोनशे पानी वही महिन्यातून दोनदा अंबरनाथहून सोनिवलीला आणि परत यायची. भरताना जिजाला गोष्ट सुचायची आणि गोष्ट लिहिताना रंग सुचायचे, त्यामुळे तिन्हीतलं एकही काम वेळेवर पुरं व्हायचं नाही. गोदू त्यावरून तिला बोलायची, पण वाट बघायची.

खंड्याचं चित्र तीन ठिकाणी होतं. क्लासच्या कंप्युटरमध्ये, गोदूकडे असलेल्या वहीच्या मुखपृष्ठावर चिकटवलेलं, आणि घरी ट्रंकेत, भरतकामाच्या कापडांखाली. बाहेर गेलं ते यांतल्याच कुठल्यातरी ठिकाणाहून.

दुसऱ्या दिवशी जिजाने भीमराव सरांना विचारलं. विचारताना तिचा सूर नको तितका तिखट झाला. सर म्हणाले की त्या कंप्युटरवर दिवसभर पोरं बसतात, कोण काय बघतं त्याची चौकशी ते करत बसत नाहीत. ते खरं बोलत होते की टाळत होते, ते तिला कळेना. त्या दिवसापासून ती प्रिंट काढताना मागे वळून बघू लागली.

आठवड्याने गोदूकडून वही आली. मुखपृष्ठावरच्या खंड्याचा एक कोपरा उचकटलेला होता. जिजा त्या कोपऱ्याकडे बघत बसली. गोदूचा भाऊ उल्हासनगरला कापडाच्या दुकानात कामाला होता. ही गोष्ट जिजाला दहा वर्षं माहीत होती, पण आज ती नवीन असल्यासारखी वाटली. मग एकेक आठवायला लागलं. गोदूने मागे म्हटलं होतं, तुझी चित्रं अशी ट्रंकेत पडून काय उपयोग. या वेळी वही चार दिवस उशिराच आली होती. सोबतच्या चिठ्ठीत चित्राबद्दल एक अक्षर नव्हतं.

तोंडावर विचारायची हिंमत झाली नाही. जिजाने ते गोष्टीत लिहिलं. तिच्या प्रकरणात इंदुमतीबाईंच्या घरातून एक शाल चोरीला जाते, आणि शेवटी कळतं की ती बाईंच्या लहानपणच्या मैत्रिणीनेच भावामार्फत बाजारात नेली. लिहिताना जिजाचा हात कुठेच अडखळला नाही. तिने वही पाठवून दिली.

वही चारच दिवसांत परत आली. गोदूने पुढचं प्रकरण लिहिलं नव्हतं. जिजाच्या शेवटच्या ओळीखाली पेन्सिलीने एवढंच होतं: "इंदुमतीबाई पुराव्याशिवाय नाव घेत नाहीत."

जिजाला राग आला. चोर सापडला की असंच बोलतो, असं तिने स्वतःला सांगितलं. मग ठरवलं, पुरावाच काढायचा.

तिने नवीन चित्र काढलं, फांदीवर बसलेला पिवळा हळद्या. त्याच्या तीन प्रती केल्या. क्लासच्या कंप्युटरमध्ये ठेवलेल्या प्रतीत फांदीला तीन फळं होती. गोदूला पोस्टाने पाठवलेल्या प्रतीत चार. त्यासोबत तिने गोड पत्र लिहिलं, की झालं गेलं विसर, हे नवीन चित्र तुझ्यासाठी. घरच्या ट्रंकेत ठेवलेल्या प्रतीत पाच फळं होती. ती ठेवताना कुणावर संशय नव्हता, घरी एक प्रत लागते म्हणून ठेवली, आणि प्रतींची गल्लत नको म्हणून तिची फळं वेगळी.

दिवाळी गेली. जिजा काही ना काही निमित्त काढून बाजारात चकरा मारू लागली. दुकानदार तिला ओळखू लागले. भरतकाम मागे पडलं. कंप्युटरवर बसली तरी हात चालेना. प्रत्येक माणसाकडे ती तो काय लपवतोय अशा नजरेने बघू लागली. गोदूचं पत्र आलं, त्यात हळद्याचे आभार मानले होते. जिजाने ते तीनदा वाचलं, आणि तिन्ही वेळा त्यात खोटेपणा सापडल्यासारखा वाटला.

मार्गशीर्षात हळद्या दिसला, एका मरून रंगाच्या ओढणीच्या पदरावर. जिजाने बोटाने फळं मोजली. पुन्हा मोजली. पाच होती.

घराला कुलूप असायचं. किल्ल्या दोन होत्या, एक तिच्याकडे आणि एक रघुकडे. सहा महिने ती सगळ्या जगावर संशय घेत होती आणि रघुचं नाव एकदाही तिच्या मनात आलं नव्हतं. तिने भरलेल्या कापडाकडे त्याने कधी धड पाहिलंसुद्धा नव्हतं.

रघु कामावरून आला. जिजाने चहा दिला आणि विकत आणलेली ओढणी त्याच्यासमोर पसरली. त्याने कप खाली ठेवला. मग कपाळ चोळत त्याने सांगितलं. जेठानंद शेठच्या कारखान्यात एम्ब्रॉयडरीच्या नव्या मशिनी आल्या होत्या. शेठला नवीन डिझाइन हवी होती. रघुने खंड्याचा कागद दाखवायला म्हणून नेला, तिथल्या माणसाने तो मशिनीवर चढवला आणि रघुने संध्याकाळी कागद परत ट्रंकेत ठेवला. शेठ खूश झाला. त्या महिन्यात त्याने रघुला परमनंट केलं. तो परमनंट झाल्याचं जिजाला माहीत होतं, का ते माहीत नव्हतं. नंतर शेठने पुन्हा मागितलं.

"मला विचारलं का नाही?" जिजाने विचारलं.

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

रघुने मान खाली घातली. आठ वर्षं टेंपररी होतो, एवढंच तो म्हणाला. जिजाला त्याचा राग पुरता येईना, याचाच तिला जास्त राग आला. ती आठ वर्षं तिनेही काढली होती.

दोन दिवसांनी ती त्याच्यासोबत कारखान्यात गेली. लांबलचक मशिनीवर बारा सुया एकदम चालत होत्या आणि बारा हळद्या एकदम भरले जात होते. तिला हाताने एक पक्षी भरायला दहा दिवस लागायचे. क्षणभर तिला ते बघावंसं वाटत राहिलं. जेठानंद शेठ हसून म्हणाला, "भाभी, हाथ में जादू है. रोज यहाँ बैठो, आमच्या कंप्युटरवर काढा." जिजाने सांगितलं की आत्तापर्यंत गेलं ते गेलं, यापुढे तिचं चित्र तिला विचारल्याशिवाय निघालं तर ती प्रत्येक दुकानात जाऊन सांगेल की ते कुणाचं आहे. शेठचं हसू थांबलं. रघु शेजारी उभा होता, त्याने तिला अडवलं नाही. घरी आल्यावर त्याने आपल्याकडची किल्ली काढून तिच्यासमोर ठेवली. तिने ती परत त्याच्याकडे सरकवली. ट्रंकेला मात्र नवीन कुलूप आणलं.

रविवारी ती सोनिवलीला गेली. गोदू अंगणात तांदूळ निवडत होती. जिजाने सगळं सांगितलं, फळांच्या हिशोबासकट. गोदूने सूप खाली ठेवलं.

"संशय घेतलास त्याचं काही नाही," ती म्हणाली. "माझ्या भावाचा धंदा तोच, मीही घेतला असता. पण ते पत्र. झालं गेलं विसर म्हणून लिहिलंस आणि आत सापळा ठेवलास. मी ते चित्र पोरांना दाखवायला अंगणवाडीत लावलंय."

रघुने तिला न विचारता कागद नेला आणि तिने गोदूला न विचारता तिची पारख केली, यात फार फरक नाही, हे तिला तिथे अंगणात बसल्यावर कळलं. चुकले, असं ती म्हणाली. गोदूने ऐकून घेतलं. असू दे, असं मात्र ती म्हणाली नाही, तिने सूप पुन्हा हातात घेतलं.

वही पुढे सरकली नाही. जिजाने एकटीने एक प्रकरण लिहून पाहिलं, पण पुढच्या बाजूने कुणी वाट बघणारं नसलं की इंदुमतीबाई नुसत्याच छत्री घेऊन उभ्या राहायच्या. भीमराव सरांची तिने माफी मागितली. ते म्हणाले, त्यांच्या लक्षातही नव्हतं. दुपारची चित्रं पुन्हा सुरू झाली.

होळीच्या आठवड्यात दारात गोदू उभी दिसली. अंगणवाडीच्या पोरांसाठी मोठी अक्षरं आणि प्राणी छापून हवे होते, आणि बाहेर असलं काही मिळत नव्हतं. जिजा तिला खाली क्लासमध्ये घेऊन गेली आणि खुर्ची ओढून तिला आपल्या जागी बसवलं. गोदूने माउस दोन्ही हातांनी धरला. तिचा पहिला हत्ती उंदरासारखा झाला. दोघी हसल्या, पण पूर्वीसारख्या नाही, जरा जपून.

"तू पुढच्या बुधवारी मोकळी आहेस का?" गोदूने हत्तीवरून नजर न काढता विचारलं.

जिजा हो म्हणाली. वहीचा विषय दोघींपैकी कुणीच काढला नाही.