खिडकीतला दहावा

शनिवारी सकाळी आमच्या सिनेगॉगमध्ये दहा पुरुष जमवायचं काम माझं. मला कुणी नेमलेलं नाही. पण बुधवारपासून फोन मीच करते. कुणाचा गुडघा दुखतोय, कुणाच्या साडूकडे साखरपुडा आहे, सगळं शांतपणे ऐकून घेते आणि शेवटी विचारते, "ते असू दे, येताय ना?" दहा पुरुष असल्याशिवाय तोराची, आमच्या धर्मग्रंथाची, गुंडाळी पेटीतून काढता येत नाही आणि गेलेल्या माणसासाठी कद्दीशची प्रार्थना म्हणता येत नाही. बायका या दहांत धरत नाहीत. मी वर बायकांच्या माडीवर बसून खालचे पुरुष मोजते, आणि एखादा कमी पडला की सगळे माझ्याकडेच बघतात.

पनवेलमध्ये आता आमची बेने इस्रायली घरं बोटांवर मोजण्याइतकी. पोरं इस्रायलला, नाहीतर ठाण्याला. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवशी, वाहनात बसायचं नाही, म्हणून नवीन पनवेलची मंडळी अलीकडच्या कोपऱ्यावर रिक्षा सोडतात आणि तिथून घाम पुसत, पाय ओढत, थेट सेक्टरातून चालत आल्यासारखी येतात. माडीच्या खिडकीतून तो कोपरा स्पष्ट दिसतो. मी काही बोलत नाही. एकाला बोलले तर चार जण रुसतील, आणि मग मी दहा आणू कुठून?

त्या शनिवारी दहा जमणं फार गरजेचं होतं. माझी थोरली बहीण एलिशेबाताई, तिला जाऊन हिब्रू तिथीप्रमाणे त्या दिवशी वर्ष होत होतं. मूलबाळ नाही. कद्दीश म्हणणार ते तिचे यजमान, सादोकभावोजी. वय त्र्याहत्तर, रिटायर्ड हेडमास्तर, पण महिनाभर रोज संध्याकाळी शाळेतल्या पोरासारखे पाठांतर करत होते. तिथी काही पुढच्या आठवड्यावर ढकलता येत नाही. मला रात्री झोप लागली नव्हती.

प्रार्थना चालवणारा आमचा एझ्रा मोजायला उभा राहिला. आम्ही माणसांना आकड्यांनी मोजत नाही. दहा शब्दांचं एक वचन आहे, दर माणसामागे त्यातला एक शब्द म्हणायचा. एझ्रा नवव्या शब्दापर्यंत आला आणि दहावा त्याच्या तोंडातच राहिला. ठाण्याचा पाहुणा आलाच नव्हता. शब्बाथ लागलेला, त्यामुळे फोन करून त्याचा उद्धारही करता येईना.

"नऊ हायत," दारातून कमलाकर म्हणाला. गव्हाणचा कमलाकर तीस वर्षं आमच्याकडे राखणीला आहे आणि त्याला सरळ आकडा बोलायला कसली अडचण नाही. "आन धावा भायेर बसलाय."

ते आम्हाला सगळ्यांनाच माहीत होतं. खिडकीखाली, अंगणातल्या दगडी बाकावर, पाठ आमच्याकडे करून निसीमभाऊ रोहेकर बसले होते.

त्याचं असं झालं होतं. दर शनिवारी आम्ही त्या आठवड्याचा तोराचा भाग वाचून त्यावर बोलतो. म्हणजे निसीमभाऊ आणि भावोजी भांडतात, बाकीचे ऐकतात. दोन आठवड्यांपूर्वी भाग होता एसावाचा. शिकारीहून भुकेला आला आणि थोरलेपणाचा हक्क धाकट्या याकोबाला मसुरीच्या कालवणासाठी देऊन बसला. निसीमभाऊ म्हणाले, भुकेल्या माणसाशी सौदा करणाराच जास्त दोषी. झालं. भावोजी तापले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "तू एसावाचीच बाजू घेणार. समोर ताट आलं की तूही काहीही देऊन बसशील."

आता निसीमभाऊ एकटे. लग्न केलं नाही. तीस वर्षं शनिवारचं दुपारचं जेवण ते ताईच्या हातचं जेवले. ती गेली, ते जेवण बंद झालं, आणि वर भावोजींनी खाल्लेलं काढलं. निसीमभाऊ उठून बाहेर गेले. तेव्हापासून ते यायचे, पण बाहेर बाकावर एकटेच प्रार्थना करायचे. भावोजींनी आत बोलवावं, ही त्यांची अट. आणि भावोजी म्हणायचे, मी काय चुकीचं बोललो? दोन म्हातारे, पण हट्ट बालवाडीतला.

कमलाकर निरोप घेऊन गेला. निसीमभाऊ म्हणाले, मी आतच आहे, कंपाउंडच्या आत. कमलाकरनं परत येऊन सांगितलं, "नाय येत. डोळे पुसताय, पन येत नाय."

तेव्हा मला आठवलं. मी माडीवरून वाकून खाली सांगितलं, की दहावा बाहेर असला तरी चालतं, खिडकीतून त्याचं तोंड आत दिसलं म्हणजे तो मोजता येतो. निसीमभाऊंनीच शिकवलंय हे, दोन वर्षांपूर्वी. सगळ्यांच्या माना खिडकीकडे वळल्या. पण माझा आवाज जरा मोठा आहे. बाहेर निसीमभाऊंनी टोपी कानापर्यंत ओढली आणि पाठ आणखी ताठ केली. तोंड सोडाच, कानाची पाळीसुद्धा दिसेना.

घड्याळ पुढे जात होतं. भावोजी हातातल्या कागदाची घडी घालत होते, उलगडत होते. मला त्यांच्याकडे बघवेना. मी एझ्राला खुणेनं सांगितलं की तोपर्यंत आठवड्याचा भाग तरी सुरू कर, आणि चुकीचा सांग. एझ्राला चुकीचं सांगायला फारसा त्रास पडत नाही.

त्या आठवड्याचा भाग वीस वर्षांनी याकोब आणि एसाव भेटतात तो. याकोब भावाच्या भीतीनं आधी भेट म्हणून जनावरं पाठवतो. एझ्रानं मोठ्यानं सांगितलं, याकोबानं वीस बकऱ्या पाठवल्या.

बाहेरून खाकरल्याचा आवाज आला. मग, पाठ न वळवता, "दोनशे."

"आणि तीस घोडे," एझ्रा म्हणाला.

"उंट," बाहेरून आवाज आला. "दुभत्या सांडण्या, पिलांसकट."

पण मान काही वळली नाही. एझ्रानं हताश होऊन वर माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडेही आणखी जनावरं नव्हती. तेवढ्यात भावोजी उठले. खिडकीकडे न बघता, पुस्तकात बोट ठेवून, हेडमास्तरी आवाजात म्हणाले, "एसाव धावत आला, भावाला मिठी मारली, रडला. पण ते भावासाठी नव्हे. एवढी जनावरं समोर दिसली, म्हणून धावला."

खिडकीच्या दोन गजांमध्ये निसीमभाऊंचं लालबुंद तोंड उगवलं.

"काय वाचतोस तू? पुढचं वाच. भेट घ्यायला तो तयार नव्हता. माझ्याजवळ पुष्कळ आहे भाऊ, तुझं तुला राहू दे, असं म्हणाला तो. काही घ्यायला आला नव्हता. भावाला बघायला आला होता."

आत कुणी हललं नाही. मग एझ्रा हळूच म्हणाला, "सादोककाका, कद्दीश."

आपण सापडलो हे निसीमभाऊंना तेव्हा कळलं. पण आता तोंड बाजूला केलं तर ताईची कद्दीश मोडणार. त्यांनी दोन्ही हातांनी गज धरले. नाकावर माशी बसली, गालावर गेली, परत नाकावर आली. निसीमभाऊ ढिम्म. मी पदरानं हसूही दाबत होते आणि डोळेही पुसत होते, दोन्ही एकदमच.

भावोजींनी सुरुवात चांगली केली. मग मध्येच थांबले. महिनाभराचं पाठांतर, पण शब्दच येईना. कागद हातात असून डोळ्यांना दिसेना. खिडकीतून निसीमभाऊंनी पुढचा शब्द दिला. भावोजींनी तो म्हटला. मग त्याच्या पुढचा. असं करत खिडकीतून एक आणि आतून एक, दोघांनी मिळून ती पूर्ण केली.

"निसीम," भावोजी म्हणाले, "ते ताटाचं मी बोलायला नको होतं. ती असती तर मला उपाशी ठेवलं असतं."

"ती असती तर तू बोललाच नसतास."

तोंड खिडकीतून नाहीसं झालं. अंगणाला वळसा घालून दारात यायला त्यांना मिनिटभर लागलं असेल. तेवढा वेळ नऊ पुरुष श्वास रोखून दाराकडे बघत होते, आणि माडीवर मीही. निसीमभाऊ आत आले, भावोजींशेजारी बसले, आणि आधी एझ्राला झापलं, वीस बकऱ्या कुणी शिकवल्या तुला म्हणून.

तोरा बाहेर निघाली, वाचन झालं. शेवटी कद्दीश परत एकदा म्हणायची असते. या वेळी भावोजी कुठेही अडले नाहीत, स्वच्छ, खणखणीत म्हणत गेले. अडले ते निसीमभाऊ. शेजारी उभे राहून त्यांना नुसतं आमेन म्हणायचं होतं, आणि तेवढा एक शब्द काही त्यांच्या गळ्यातून बाहेर पडेना.