बैलाशिवाय रहाट

आमची सुगंधा जन्मली ते साल १९८३. गिरण्यांचा संप सुरू होऊन वर्ष उलटलं होतं. माझ्या बाळंतपणाला सासूबाई गावाहून मुंबईत नाहूरला आल्या होत्या. बारसं उरकून त्या परत वाडीवर गेल्या आणि त्याच आठवड्यात ह्यांनी आमचं पाण्याचं पिंप चाळीच्या अंगणात नेऊन त्याच्या तळाला भोक पाडलं.

"अहो, उद्या पाणी कशात भरू मी?"

"भर कशातही. थोडे दिवस कळ काढ," हे म्हणाले. "मग बघ."

हे गिरणीत साचे, म्हणजे कापड विणायची यंत्रं, दुरुस्त करायचे. हाताला काम नसलं की ह्यांना अन्न गोड लागत नसे. लहानपणी गावच्या वाडीत विहिरीवरच्या रहाटाचा बैल हाकायचं काम ह्यांच्याकडे होतं. बैल गोल फिरायचा, मडक्यांची माळ रिकामी खाली जायची आणि भरून वर यायची. उन्हात बैलामागे चालताना ह्यांच्या मनात यायचं, हा बैल नसता तर किती बरं झालं असतं. ते मनातून कधी गेलंच नाही.

आता ह्यांनी मडक्यांच्या जागी डालड्याचे रिकामे डबे घेतले. शेजारचा भीमराज भांडुपच्या एका कारखान्यात वेल्डर होता. त्याने सगळ्या डब्यांची तोंडं डाग देऊन बंद केली. डब्यांची माळ पिंपाच्या बाहेरून खाली यायची, तळाच्या भोकातून आत शिरायची आणि पाण्यातून वर जायची. भोकाला सायकलच्या ट्यूबचं रबर लावलं होतं, म्हणजे डबा आत जाईल पण पाणी बाहेर येणार नाही. बाहेरचे डबे वजनाने खाली येणार, आतले पाण्यामुळे वर उसळणार. मग थांबेल कशाला? फिरत राहिला की त्यावर वीज करायची.

"यार गुणाजी," भीमराज म्हणाला, "वीजवाले स्वतः येऊन तुझा मीटर काढून नेतील."

"हस तू. तुझ्याच घरात पहिला दिवा लावतो की नाही बघ."

हाताने ढकललं की माळ जरा फिरायची आणि मग अडायची. अंगणभर पाणी व्हायचं. बायका मला टोमणे मारायच्या, शेवंतीच्या दारात समुद्र आला म्हणून. ह्यांचं एकच म्हणणं, "लहान आहे म्हणून अडतो गं. वर ओढणारे डबे वाढले पाहिजेत. घराएवढा उंच केला की सुसाट सुटेल."

घराएवढा करायचा तर पैसा कुठून आणायचा? एके सकाळी दाढी करता करता हे म्हणाले, "वाडी विकतो. गिऱ्हाईक आहे."

सुपारीची थोडी झाडं, केळी, ती विहीर आणि एक जुनं घर, एवढीच वाडी. पण सासूबाई तिथे राहत होत्या. नाहूरच्या खोलीत त्यांचा जीव गुदमरायचा, हे बाळंतपणात मी पाहिलं होतं. आणि संप मिटला नाही तर आम्हालाही परत जायला तीच एक जागा होती. मी भांडले, रडले, दोन दिवस बोलले नाही. काही उपयोग झाला नाही.

मग मी काशीराममामांकडे गेले. ते आमच्याच गावचे. चाळीत कुणाचं काही शुभ असलं की नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्यांच्या वतीने मागणं, तेच घालायचे. वाडवडिलांची जमीन गाऱ्हाणं घातल्याशिवाय आमच्यात कुणी विकत नाही, हे ह्यांनाही मान्य होतं.

मामा आले, पिंपाभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "गुण्या, मोठो केल्यार चलतलो म्हणतंस ना? मगे घराएवढो रवांदे बाजूक. आदी दोन पिंपांचो करून दाखय."

भीमराजने एकावर एक पिंप जोडून दिलं. रविवारी सकाळी नळ गेल्यावर सगळी चाळ अंगणात जमली. मामांनी नारळ ठेवला आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, ह्यो गुणाजीचो रहाट आज दिवेलागणीपर्यंत आपसूक फिरलो, तर तेका वाडी इकूची मोकळीक दी."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"आणि नाय फिरलो, तर तो वाडयेक हात लावचो नाय. पुन्हा नाव काढूचो नाय."

"व्हय म्हाराजा." मी सगळ्यांत मोठ्याने म्हटलं. ह्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं.

भीमराज बाजूला उभा होता. "तुमच्या देवाला मी हो म्हणत नाही," तो म्हणाला, "पण साक्षीला आहे."

ह्यांनी माळेला हात दिला. ती पूर्वीइतकीसुद्धा फिरली नाही. तळाचा डबा रबरात अर्धा जाऊन अडकला. हे खाली बसले आणि डबा हाताने वर दाबू लागले. एका पिंपाच्या वेळी तो एका हाताने आत जायचा. आता दोन्ही हातांनी जाईना. ह्यांनी खांदा लावला, तेव्हा कुठे गेला, आणि ह्यांच्या अंगावर पाणी आलं. मग दुसरा डबाही खांद्यानेच दाबून पाहिला.

"मामा," हे शेवटी म्हणाले, "पाणी वाढवलं तसे वर ओढणारे डबे वाढले. पण खालच्याला आत घालायला जोरही तेवढाच वाढला. वरचे सगळे मिळून जे कमावतात, ते हा एकटा खातो."

"म्हंजे?"

"म्हणजे बैल मी सोडलाच नव्हता. तळाशी बांधून ठेवला होता. रहाट मोठा केला तर बैलही मोठाच लागणार."

"मगे वाडी?"

"वाडीला हात लावत नाही."

"ऐकलं हां मी," भीमराज म्हणाला.

मी पदराने तोंड पुसायचं निमित्त करून खोलीत गेले आणि सुगंधाला छातीशी धरून बसले. बाहेर कुणीतरी नारळ फोडल्याचा आवाज आला आणि पोरं खोबऱ्यासाठी भांडू लागली.

त्या दुपारी हे दोनदा भात मागून जेवले. मला वाटलं होतं, घरात सुतक असल्यासारखे बसतील. हात धुताना म्हणाले, "बरं झालं गं. चालला असता, तर विकावीच लागली असती मला ती."

भीमराजने दोन्ही पिंपं वेगळी करून भोक बुजवलं. पाणी मात्र त्या जागेतून थोडं झिरपायचंच. पुढे ह्यांना मुलुंडला एका कारखान्यात मशिनं दुरुस्त करायचं काम लागलं. रहाटाचा विषय पुन्हा निघाला तो फक्त भीमराजच्या थट्टेत.

सासूबाई १९८९ साली वाडीतच गेल्या. हेही १९९८ च्या मे महिन्यात, त्याच वाडीत, त्याच घरात वारले.