फिल्टर धरून उभा मजीद

पाहुणे अकराला येणार होते आणि मजीदच्या मते ऑइल बदलायला वीस मिनिटं पुष्कळ होती. तीस वर्षं जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढलेल्या माणसाला एका म्हाताऱ्या डिझेल जीपचं काय अवघड? दापोलीच्या मेस्त्रीने मात्र बॉनेट उघडून एकदाच आत डोकावलं होतं आणि लगेच बंद केलं होतं. "चाचा, इंजिन उतरवून देतो, गिअरबॉक्स खोलून देतो. पण ह्या मॉडेलचा फिल्टर मला सांगू नका. मागच्या वेळी तेलाने माखून गेलो, तर बायकोने दोन दिवस घरात घेतलं नव्हतं."

फिल्टर होता इंजिन आणि चासीच्या मधल्या फटीत, सायलेन्सरच्या पाइपामागे. खालून दिसायचा, पण हात पोचायचा नाही. वरून हात पोचायचा, पण दिसायचा नाही. मजीद स्टुलावर चढला, उजवा हात दंडापर्यंत आत घातला आणि चाचपडत, आटे मोजत त्याने फिल्टर सोडवलासुद्धा. मग हात बाहेर काढायला गेला, तर हात येईना.

म्हणजे रिकामा हात आला असता. फिल्टर धरलेली मूठ येत नव्हती.

सोडून द्यावा, तर फिल्टर काळ्या तेलाने काठोकाठ भरलेला. खाली ट्रे होता, पण ह्या जीपचं तेल ट्रेमध्ये कधी पडायचंच नाही. ते चासीवरून आपली वाट काढत जायचं आणि भलत्याच ठिकाणी टपकायचं. आणि जीपखाली होत्या पांढऱ्याशुभ्र लाद्या. लेकीला बघायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी कुलसुमने सहाच दिवसांपूर्वी त्या सगळ्या पोर्चमध्ये बसवून घेतल्या होत्या.

"कुलसुम!" मजीदने हाक मारली.

कुलसुम शिरखुर्म्याचा चमचा घेऊनच बाहेर आली. "अवो, अजून तुम्ही गंजीफ्रॉकवरच? दाभोळच्या पाहुण्यांची गाडी वळणावर आली. आधी ते सोडा बघू हातातलं!"

"सोडलं तर तुझ्या लाद्या जातात."

कुलसुमने लाद्यांकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं. "मग धरा," ती म्हणाली.

परकार आले ते इस्त्रीचा पांढरा कुर्ता घालून. उभी हयात ते बोटीवर सारंग होते, डेकवरच्या सगळ्या खलाशांचे मुकादम. बरोबर त्यांची बायको आणि कुवेतहून सुट्टीवर आलेला मुलगा झैन. बॉनेटमध्ये अर्धा शिरलेल्या मजीदने डावा हात कपाळाला लावून सलाम केला.

"माफ करा परकारभाई, खाली उतरता येत नाही."

"तब्येत बरी नाही का?" परकारांनी विचारलं.

"तब्येत ठणठणीत आहे. फिल्टर धरलाय."

परकार जवळ आले, वाकले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर सुखाची छटा पसरली. डेकवरच्या माणसाला इंजिनरूमवाला असा अडकलेला आयुष्यात एकदाच बघायला मिळतो. "घाबरू नका, मजीदभाई," ते म्हणाले. मग बाह्या सरसावून त्यांनी असा आवाज लावला की शेजारच्या माडावरचे कावळे उडाले. "भांडी आणा! जेवढी असतील तेवढी!"

पातेली आली, परात आली, शरबताचा ट्रे ग्लास उतरवून आला. चासीचं एकेक टोक दाखवत परकारांनी सगळी मांडणी केली. कुलसुम पुढच्या चाकापाशी परात धरून बसली. सगळ्यांत लांब, जीपच्या मागे, परकारभाभींना खुर्ची दिली. "तू तिथे बस. तुझ्या अंगावर शिंतोडा उडणार नाही," परकार म्हणाले.

झैन एक पातेलं घेऊन, खाली चटई टाकून जीपखाली सरकला. दुसरीकडून मजीदची लेक लायबाही पातेलं घेऊन सरकली. खालचं बोलणं मजीदला बॉनेटमधून स्पष्ट ऐकू येत होतं.

"तुम्हीच लायबा का?"

"हो. पातेलं जरा डावीकडे घ्या."

"तुम्ही विद्यापीठाच्या लॅबमध्ये असता ना?"

"माती तपासते. तुम्ही?"

"मी गॅरेजमध्ये. सर्व्हिस मॅनेजर."

मग लायबा म्हणाली, "मग एवढा वेळ सांगितलं का नाही?"

"बाबा ऑर्डर देत असताना आमच्या घरात कोणी बोलत नाही."

मजीदला हसू आलं आणि हात हलला. "थांबा!" सगळे ओरडले.

"माझ्या आवाजावर सोडायचं," परकार म्हणाले. "एक... दोन... लेट गो!"

मजीदने मूठ उघडली. आत कुठेतरी ठण्ण झालं. हात अलगद बाहेर आला, मुंग्या आलेला. सगळे आपापल्या भांड्यात बघत राहिले. परातीत थेंब नाही, पातेल्यात थेंब नाही. तेलही नाही आणि फिल्टरही नाही.

"गेलं कुठे?" कुलसुमने विचारलं.

"इथे," मागून परकारभाभी म्हणाल्या.

आल्यापासूनचा तो त्यांचा पहिला शब्द. तेल चासीच्या पोकळीतून सगळ्या जीपची सफर करून मागच्या हुकावरून संथ धारेने त्यांच्या नव्या मोजड्यांवर पडत होतं. मजीदला वाटलं, संपलं सगळं.

भाभींनी पाय हलवला नाही. उलट दुसरा पाय पण धारेखाली सरकवला, लादीवर थेंब पडू नये म्हणून. "मोजड्या गेल्याच आहेत," त्या कुलसुमला म्हणाल्या. "तुझ्या लाद्या तरी राहू देत. आता एखादं भांडं आणा कोणीतरी. आणि पोरांना वर काढा. त्यांचं जमलेलं दिसतंय."

शिरखुर्मा जीपपाशीच वाढला गेला. जेवणं झाल्यावर झैनने नवा फिल्टर बसवला; दोन तास लागले आणि त्याचा कुर्ता गेला. जुना फिल्टर मात्र कुणाच्याच हाती लागला नाही. तो अजून चासीत कुठेतरी आहे. उतारावर ब्रेक दाबला की घरंगळत पुढे येतो आणि चढाला मागे जातो. मजीद म्हणतो, त्यामुळे गाडीचा तोल चांगला राहतो.