डाव्या हातात खडू

मी दगडावरून छापलेलं एक रंगीत चित्र आहे. मित्रांनो, त्या रविवारी नांदेडच्या घरात अजीजमियांनी माझ्या काचेवरची धूळ पुसली आणि आपल्या मुलीला, उजमाला, विचारलं, “कशी दिसते गं ही बाई?”

“छान आहे, अब्बा.” सोमवारच्या शाळेसाठी तिला हदगावची बस गाठायची होती. तिथल्या शाळेत ती गणित शिकवते.

“नुसती छान?”

“बस जाईल ना.”

“जा मग. फळा तुझ्यावाचून रिकामा राहायचा.”

सोमवारी पहाटे अजीजमियां हे जग सोडून गेले.

अजीजमियांनी चाळीस वर्षं शिळाप्रेसवर काढली. लग्नाच्या उर्दू पत्रिका, मुशायऱ्यांच्या जाहिराती. दगडावर सगळं उलटं असतं, तेव्हा कागदावर सुलटं उमटतं. चुकलेलं अक्षर दगडावरच दुरुस्त करायचं, तेही उलटं. पुढे ऑफसेट आलं, प्रेस बंद पडली आणि दगड लोकांनी धुणं आपटायला नेले. एक तेवढा त्यांनी जपला. सत्तरी उलटल्यावर त्यावर मला काढलं. तेलकट खडूच्या रेघा, मग पाण्याचा हात, मग शाईचा रूळ. एक रंग छापून झाला की दगड घासून कोरा करायचा आणि पुढचा रंग नव्यानं काढायचा. नारिंगी, हिरवा, जांभळा, शेवटी काळा.

माझ्यातल्या बाईला चेहरा नाही. तिचं अंग म्हणजे रंगांचे तुकडे. पण फळ्यावर उचललेला हात मात्र स्पष्ट आहे. बोटं, नखं, खडू. तो हात डावा आहे.

“चाचा, उलटं छापलं की,” पाहणारे म्हणायचे. अजीजमियां त्यांना चहा विचारायचे.

ते गेल्यावर दोन महिन्यांनी त्यांचे मित्र, पाट्या रंगवणारे शेषेराव, यांनी वाचनालयात त्यांच्या कामाचं प्रदर्शन भरवलं. माझ्या समोरच्या भिंतीवर माझाच मोठा फ्लेक्स लागला. त्यात बाईचा हात उजवा होता.

“काका, हे काय?” उजमानं विचारलं.

“कॉम्प्युटरवर सुलटं करून घेतलं, पोरी. लोकं म्हणतील, म्हाताऱ्याला शेवटी दगडाचं उलटसुलट बी समजंना. माझ्या दोस्ताला कोणी हसलेलं मला न्हाई चालत.”

“उतरवा.”

“अगं, पाव्हणे येऊन राहिलेत.”

“येऊ द्या.”

मित्रांनो, आयुष्यभर उलटी अक्षरं दुरुस्त करणाऱ्या माणसाला डावं-उजवं कळत नव्हतं? त्यांनी दगडावर मुद्दाम उजवा हात काढला, म्हणून माझ्यावर डावा आला. माझी फुटकी काच बदला, वाळवी झाडा, मला उन्हातून हलवा. मी आभार मानीन. पण तुम्हाला कळलं नाही म्हणून मला सरळ करू नका.

उजमा स्टुलावर चढली आणि फ्लेक्सच्या गाठी सोडू लागली. डाव्या हातानं. शेषेराव त्या हाताकडे बघत राहिले.

“दादीजान या हातावर चापट मारायची, काका. जेवताना, लिहिताना. अब्बा म्हणायचे, लिहू द्या तिला.”

“आन् मी त्याला चुकला म्हणत होतो,” शेषेराव हळूच म्हणाले आणि खालून फ्लेक्स धरला.

उजमा खाली उतरली. माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मागे पाहुणे आत येऊ लागले होते, तरी तिनं आवाज बारीक केला नाही.

“अब्बा, ही मी आहे. मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं.”