काचेवरचा तांबडा धागा

मी लोकरीचा धागा बोलतोय. तांबडा, वीतभर लांब. सध्या मुक्काम एका चष्म्याच्या घरात आहे, आणि ते घर उड्डाण शिकवणाऱ्या गुरुजींच्या खिशात. एक गोष्ट पोटात ठेवून मला वर्ष झालं. आता नाही ठेववत, म्हणून तुमच्यापुढे बोलतोय. पण ऐकून झाल्यावर तुमच्याकडे एक मागणं आहे, तेवढं मात्र नाही म्हणू नका.

खरं तर मी स्वेटरच्या बाहीत जायचा होतो. एका घड्याळजींची बायको माझा गुंडा मांडीवर घेऊन नवऱ्यासाठी स्वेटर विणत होती. दोघं सपाट मुलखातली. पन्नाशीत, जेव्हा इतर लोक गुडघ्यांना तेल लावतात, तेव्हा घड्याळजींना ग्लायडरचं वेड लागलं. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. दुसरं विमान त्याला दोराने वर ओढून नेतं आणि दोर सुटला की पुढे सगळी वाऱ्याची मेहेरबानी. सपाटीवर घड्याळजींना ते छान जमायचं. पण "डोंगरात उडाला नाहीत तर काय उडालात?" असं कुणीतरी म्हणालं आणि ते त्यांच्या मनाला लागलं. मग दुकानाला कुलूप लावून आठ दिवसांसाठी ते इथे शिकायला आले. बायकोही आली, पण हौसेने नव्हे.

"तुम्ही वर, आणि मी घरी बसून जीव टांगणीला लावू? त्यापेक्षा खाली बसते डोळ्यांसमोर," असं म्हणून तिने घडीची खुर्ची उचलली होती.

पहिल्याच दिवशी गुरुजींनी ग्लायडरच्या काचेकडे बोट दाखवलं. वैमानिकाच्या डोक्यावर जे काचेचं झाकण असतं, त्याच्या पुढच्या बाजूला, अगदी मधोमध, एक धागा चिकटवलेला असतो. तिथला जुना धागा उन्हाने झिजून गेला होता. घड्याळजी बायकोकडे आले.

"अगं, तुझ्या लोकरीतला वीतभर तुकडा दे ना."

"कशाला हो?"

"असू दे. वर गेल्यावर तू बरोबर आहेस असं वाटेल."

"इश्श, या वयात!" ती म्हणाली. पण मला कापून दिलं आणि दिवसभर ती स्वतःशीच हसत होती.

खरं कारण वेगळं होतं. माझं एक टोक काचेला चिकटलेलं आणि दुसरं मोकळं. विमान वाऱ्याला नीट सामोरं असलं की मी सरळ राहतो. ते तिरकं घसरायला लागलं की मी बाजूला झुकतो. वेग कमी असताना असं घसरणं फार वाईट. एक पंख गळतो आणि विमान गिरक्या घेत खाली येतं. मला बोलता येत नाही, फक्त झुकता येतं. माझ्या झुकण्यावर माणसाचा जीव असतो.

"वहिनींना सांगितलंत ना हे?" गुरुजींनी विचारलं.

"छे हो! माझी सगळी भिस्त वीतभर लोकरीवर आहे हे कळलं तर आजच सामान बांधायला लावेल."

दोघंही खो खो हसले. मीही हसलो होतो. आता ते हसणं आठवलं की जीव नकोसा होतो.

सहा दिवस गुरुजी मागच्या सीटवर बसून ओरडत होते. "सपाटराव, डोंगराची कड म्हणजे क्षितिज नव्हे! तिच्याकडे बघून नाक वर घेताय, वेग कुठे गेला बघा!" सपाट मुलखातून येणारे सगळेच ही चूक करतात. आयुष्यभर आडवी रेघ बघितलेली असते. डोंगराजवळ ती रेघच उरत नाही. नाक हळूहळू वर जातं आणि वेग कधी उतरला ते कळत नाही. मग वळायच्या गडबडीत सुकाणूच्या पेडलवर पाय जास्त दाबला जातो. तेव्हा मी झुकायचो. घड्याळजी चटकन मला बघायचे, पाय सावरायचे आणि मी पुन्हा सरळ व्हायचो. "जे दिसेल त्यावर विश्वास ठेवू नका, धाग्यावर ठेवा," गुरुजी म्हणायचे. सहाव्या दिवशी ते खाली उतरल्यावर म्हणाले, "उद्या एकटे जा."

त्या माउलीबद्दल एक सांगायला हवं. तिला कुठलंही टोक लोंबकळलेलं खपत नसे. विणून झालं की उरलेलं टोक सुईने आत खोचून टाकायचं, ही तिची लहानपणापासूनची सवय. नवऱ्याचा नकाशा घडीवर फाटला, तेव्हा तिने त्याला चिकटपट्टी लावली आणि पट्टीचे चारही कोपरे कात्रीने गोल केले. गोल कोपरे उचकटत नाहीत म्हणे. गुरुजींनी त्याचं कौतुकही केलं होतं.

सातव्या दिवशी सकाळी दोघं पुरुष हवेचा अंदाज बघायला कचेरीत गेले. ती ओलं फडकं घेऊन आली आणि काच पुसू लागली. मग तिला मी दिसलो. उसवलेला, टोक पिंजलेलं.

"असं कसं ठेवलंय याला? वर गेल्यावर उडून जायचं."

तिने मला बोटाने सरळ केलं. माझ्या मोकळ्या टोकावर पारदर्शक चिकटपट्टी दाबून बसवली. कोपरे लावण्याआधीच कात्रीने गोल केले होते. "आता जा त्यांच्याबरोबर," ती हळूच म्हणाली, "आणि घेऊन ये."

देवा, त्या वेळी वाऱ्याची एक झुळूक तरी यायला हवी होती! मी नुसतं ताणून बघितलं. सुटलो नाही.

उड्डाणाआधी गुरुजींनी रोजच्यासारखी यादी म्हटली. पट्टे? आवळले. झाकण? बंद. धागा?

"सरळ," घड्याळजी म्हणाले.

"मोकळा आहे का, असं विचारतोय."

"सरळ, मोकळा, सगळं झकास! जाऊ द्या आता."

दोर ताणला गेला. गुरुजींनी हात वर केला.

वर अर्धा तास सगळं ठीक होतं. घड्याळजी गुणगुणत होते. मग उन्हं चढली तसे ते डोंगराच्या उतारालगत आले. झाडांचे शेंडे बाजूने सरकत होते. नाक वर जाऊ लागलं. वाऱ्याचा आवाज बसला. मला कळत होतं, सगळं कळत होतं. उतारापासून लवकर वळावं म्हणून त्यांनी पाय दाबला, जास्त दाबला. विमान घसरलं. माझं सगळं अंग बाजूला ओढ घेत होतं आणि टोक जागचं हलत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दोनदा पाहिलं. माझा मधला भाग किंचित थरथरला, पण मी सरळच होतो. मी त्यांना सांगत होतो की सगळं ठीक आहे.

त्यांनी पाय काढला नाही. वळणाच्या आतल्या बाजूचा पंख गळाला आणि डोंगर गिरक्या घेऊ लागला. रेडिओवर गुरुजींचा आवाज येत होता, "नाक खाली! नाक खाली घ्या!" नाक खाली आलंही. पण खाली तेवढी जागाच उरली नव्हती.

चढण चढून सर्वांत आधी पोचले ते गुरुजी. त्यांनी घड्याळजींच्या मानेला हात लावला आणि तो तसाच राहू दिला. मग त्यांची नजर फुटक्या काचेवर गेली. ते वाकले. पट्टीचे गोल कोपरे त्यांनी बोटाने चाचपले. त्यांना सगळं कळलं. मागून माणसांचे आवाज येत होते. त्यांनी मला पट्टीसकट उपटलं आणि चष्म्याच्या घरात घातलं.

तेव्हापासून या धावपट्टीवर एक नवा नियम आहे. गुरुजी कुणाच्याही तोंडी उत्तरावर विसंबत नाहीत. प्रत्येक उड्डाणाआधी स्वतः वाकतात आणि धाग्यावर फुंकर मारतात. तो हलला तरच दोर जोडायचा.

आज ती आली होती. वर्षाने. हातात माझाच उरलेला गुंडा. गुरुजींची फुंकर मारून झाली तेव्हा ती जवळ आली.

"इथल्या विमानांना धागे लागतात ना? हे घ्या. स्वेटर काही मी पुरा केला नाही."

"बसा, वहिनी."

"एक विचारायचं होतं." तिने पदराशी चाळा केला. "त्या दिवशी तो धागा सुटत आला होता. मी चिकटपट्टी लावली होती. शेवटपर्यंत टिकला का हो तो? मला तेवढीच रुखरुख लागून राहिलीय. निदान तो तरी त्यांच्याजवळ होता का?"

गुरुजींचा हात खिशावर आला. माझ्यावर. 

"टिकला, वहिनी," ते म्हणाले. "शेवटपर्यंत जागेवर होता."

तिने डोळे पुसले आणि वर्षभरात पहिल्यांदाच सुटल्यासारखा श्वास घेतला.

तर हे माझं मागणं. तुम्ही उडत असाल, तर दोर जोडण्याआधी धाग्यावर फुंकर मारा, आणि तो का मोकळा असतो ते घरच्या माणसांना सांगून ठेवा. पण धावपट्टीच्या कडेला घडीच्या खुर्चीवर तांबडी लोकर घेतलेली एक बाई दिसली, तर तिला नका सांगू. तिने विचारलं, तर धागा टिकला होता एवढंच म्हणा.